भुताआधी जागा

व्हिक्टोरियन काळातल्या भयकथा आणि रहस्यकथा म्हटल्या की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. पिवळसर धुके, त्यात मिणमिणणारे गॅसचे दिवे, ओल्या फरसबंदीवरून टापा वाजवत जाणारी घोडागाडी आणि गल्लीच्या तोंडाशी थबकलेली एखादी आकृती. हे चित्र खोटे नाही; मात्र त्यातले बरेचसे रंग चित्रपटांनी आणि दूरदर्शन मालिकांनी मागाहून गडद केलेले आहेत. मूळ कथा पुन्हा पुन्हा वाचताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली आहे, ती अशी की या लेखकांची मदार विशेषणांपेक्षा जागेच्या काटेकोर हिशेबावर अधिक असते. दार कुठे आहे, जिना किती रुंद आहे, उजेड कुठून येतो आणि कुठवर पोहोचतो, आवाज कोणत्या भिंतीपलीकडून येतो, हाक मारली तर मदतीला यायला कोणाला किती वेळ लागेल, हे सारे आधी ठरलेले असते. भूत त्यानंतर येते, आणि ते त्या जागेच्या मापात नेमके बसेल असेच येते.

चार्ल्स डिकन्सची ‘द सिग्नल-मॅन’ ही कथा १८६६ च्या नाताळात त्याच्या स्वतःच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकाच्या खास अंकात आली. तिच्यात पडका वाडा नाही, स्मशान नाही, धुकेही नाही. आहे तो एक रेल्वेमार्ग, तोही जमीन खूप खोलवर कापून काढलेल्या खिंडीतला. निवेदक वरच्या काठावर उभा आहे, त्याच्या पाठीशी सूर्यास्ताचा लाल प्रकाश आहे, आणि खाली आपल्या खोलीच्या दाराशी काठीला गुंडाळलेली झेंडी हातात धरून सिग्नलवाला उभा आहे. निवेदक वरून हाक मारतो. वरून हाक आली तर माणूस वर बघतो. हा माणूस मात्र वळून रुळांच्या दिशेने, बोगद्याकडे बघतो.

एवढ्या एका मान वळवण्यात डिकन्सने कथेचा सारा भयप्रद आशय ठेवून दिला आहे, आणि वाचकाला त्याचे कारण कितीतरी नंतर कळते. तीच हाक, त्याच शब्दांत, त्या माणसाने आधी ऐकलेली असते, आणि ती वरून नव्हे तर बोगद्याच्या तोंडाशी लावलेल्या लाल दिव्याखालून आलेली असते. पहिल्या वाचनात आपल्याला फक्त काहीतरी खटकते. दिशा चुकली आहे असे वाटते, एवढेच.

त्यानंतर निवेदक खाली उतरतो, आणि हे उतरणे डिकन्सने जराही घाई न करता लिहिले आहे. नागमोडी वाट खडकात खाचे पाडून काढलेली आहे. जसजसे खाली जावे तसतसा दगड अधिक ओलसर, अधिक चिकट होत जातो. तळाशी पोहोचल्यावर दोन्ही बाजूंना पाझरणाऱ्या खडबडीत भिंती आहेत आणि वर आकाशाची एक पट्टी तेवढी उरलेली आहे. एका बाजूला तीच खिंड वळत वळत पुढे गेलेली, दुसऱ्या बाजूला लाल दिवा आणि त्यामागे बोगद्याचे काळे तोंड. ऊन इथे इतके कमी पोहोचते की मातीचा कोंदट वास कायमचा भरून राहिला आहे, आणि बोगद्यातून येणारा वारा इतका गार आहे की निवेदकाला आपण नेहमीचे जग मागे टाकून आल्यासारखे वाटते. यातले प्रत्येक विधान तपासून पाहता येईल असे आहे. कोणीही अभियंता त्या जागेचा आराखडा काढू शकेल, आणि मला वाटते की भीतीचा पाया नेमका तिथेच घातला जातो: आपण त्या जागेवर विश्वास ठेवतो, म्हणून तिथे जे घडते त्यावरही विश्वास ठेवणे आपल्याला भाग पडते.

ज्याने पावसाळ्यात कर्जतहून खंडाळ्याकडे जाताना खिडकीशी बसून प्रवास केला आहे, त्याला ही ओली भिंत अनोळखी वाटणार नाही. भोर घाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला, म्हणजे ही कथा छापली जाण्याच्या तीनच वर्षे आधी, आणि तो ब्रिटिश रेल्वे-अभियांत्रिकीच्या त्याच पिढीने आखला होता. बोगद्याआधी काळा कातळ एकदम डब्याच्या जवळ येतो, त्याच्या भेगांतून पाणी निथळत असते, चाकांचा आवाज बदलून जड होतो आणि आकाशाची तेवढीच पट्टी वर उरते. आपण त्या खिंडीतून काही क्षणांत पार होतो. डिकन्सच्या कथेतला माणूस तिथे राहतो, आणि रात्रीमागून रात्री तो लाल दिवा बघत बसतो.

त्याच्या खोलीत काय काय आहे, तेही आपल्याला सांगितले जाते. शेकोटी, नोंदवही ठेवण्याचे मेज, काटे असलेले तारायंत्र आणि एक लहानशी घंटा. माणूस शिकलेला आहे, कामात अतिशय चोख आहे. बोलता बोलता तो दोनदा थांबतो आणि घंटेकडे बघतो. घंटा मात्र वाजलेली नसते. पुढे तो आपली खरी व्यथा सांगतो. त्या लाल दिव्यापाशी एक आकृती दिसली की काही काळाने त्या मार्गावर मृत्यू घडतो, हे त्याने दोनदा अनुभवले आहे. आता ती तिसऱ्यांदा दिसू लागली आहे. त्याने वरच्या अधिकाऱ्यांना ‘धोका’ अशी तार केली, तर ते विचारतील, कसला धोका, कुठे? त्याच्याकडे उत्तर नाही. कारणाशिवाय इशारा दिला तर तो वेडा ठरेल आणि नोकरी जाईल. ज्या यंत्रणेत प्रत्येक संदेशाला ठरलेला अर्थ आहे, तिच्यात अर्थ नसलेला संदेश येऊन पडला आहे, आणि तो पुढे पाठवायला खूण नाही. भुताखेतांच्या साऱ्या साहित्यात याहून एकाकी अवस्था मला आढळलेली नाही.

डिकन्सला ही जागा कल्पनेने शोधावी लागली नव्हती. ९ जून १८६५ रोजी तो ज्या गाडीतून लंडनकडे येत होता, ती केंट परगण्यातल्या स्टेपलहर्स्टजवळ एका पुलावर घसरली. दुरुस्तीसाठी रूळ काढलेले होते, मुकादमाने वेळापत्रक चुकीचे वाचले होते, आणि लाल झेंडी घेऊन ज्याने हजार यार्डांवर उभे राहायचे तो माणूस जवळपास निम्म्याच अंतरावर उभा होता. डबे खाली नदीच्या पात्रात कोसळले, दहा माणसे दगावली, डिकन्सचा डबा पुलावर लोंबकळत राहिला. तो कसाबसा बाहेर पडला आणि जखमींना पाणी पाजत फिरला. यानंतर रेल्वेच्या प्रवासात त्याला धडकी भरत असे. त्याआधी २५ ऑगस्ट १८६१ रोजी ब्रायटनच्या मार्गावरील क्लेटन बोगद्यात दोन गाड्यांची टक्कर होऊन २३ माणसे मेली होती. तिथेही सिग्नलवाला होता, लाल झेंडी होती, काट्याचे तारायंत्र होते. बोगद्याच्या दुसऱ्या टोकाकडून पहिल्या गाडीबद्दल आलेले ‘मार्ग मोकळा’ हे उत्तर दुसऱ्या गाडीबद्दलचे समजले गेले आणि तिसरी गाडी आत सोडली गेली. कथेतल्या पहिल्या अपघातामागे क्लेटनच असावे असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. कथेच्या पहिल्या वाचकांना या बातम्या ताज्या आठवत होत्या. त्यांच्या दृष्टीने बोगदा ही गूढ जागा नव्हती. आठवड्यातून दोनदा ते स्वतः जिच्यातून जात होते अशी ती जागा होती.

म्हणूनच व्हिक्टोरियन भयकथा जुन्या गढ्यांतून बाहेर पडून रोजच्या वापरातल्या वस्तूंमध्ये शिरली, ही मला त्या काळाची सर्वांत मोठी करामत वाटते. शेरिडन ले फानू याच्या १८६९ मधल्या ‘ग्रीन टी’ या कथेत एका सज्जन पाद्रीसाहेबांच्या मागे लागलेले लहानसे काळे माकड पहिल्यांदा दिसते ते घोड्यांच्या ऑम्निबसमध्ये. संध्याकाळ उलटून गेली आहे, बाकीचे उतारू उतरले आहेत, आत अंधार दाटला आहे, आणि समोरच्या कोपऱ्यात तांबूस प्रकाशाचे दोन बारीक ठिपके दिसतात. ते काय असावे म्हणून पाद्रीसाहेब कुतूहलाने निरखून बघतात, छत्रीचे टोक पुढे करतात, आणि ते टोक त्या प्राण्याच्या अंगातून आरपार जाते. ऑम्निबस, छत्री, घरी परतण्याची वेळ. स्टीव्हन्सनच्या जेकिल आणि हाइडच्या कथेतही (१८८६) असेच आहे. झाडूनपुसून ठेवलेल्या, दुकानांनी गजबजलेल्या रस्त्यावर घंटा नाही, कडी वाजवायला ठोकणीही नाही असे एक रंग उडालेले दार आहे, आणि त्या दारामागची इमारत दुसऱ्या बाजूने एका प्रतिष्ठित डॉक्टरच्या घराला जोडलेली आहे. माणसाचे दुभंगलेपण सांगण्याआधी लेखकाने घराचा नकाशा सांगून टाकला आहे.

घरांविषयी बोलायचे तर एलिझाबेथ गॅस्केल यांच्या ‘द ओल्ड नर्सेस स्टोरी’पाशी थांबलेच पाहिजे. ही कथा १८५२ च्या नाताळात डिकन्सच्याच ‘हाउसहोल्ड वर्ड्स’मध्ये आली. नॉर्थम्बरलँडमधला मोठा वाडा, त्याची बंद ठेवलेली पूर्वेकडची बाजू, आणि वादळी रात्री दिवाणखान्यातून ऐकू येणारे ऑर्गनचे सूर. घरातली माणसे म्हणतात, वारा आहे. दाईला ते पटत नाही. ती धीटपणे ऑर्गन उघडून आत बघते, तर बाहेरून दिमाखदार दिसणारे ते वाद्य आतून पार मोडून-तुटून गेलेले आहे. तिच्या अंगावर काटा येतो, ती ते पटकन बंद करून पळून जाते. इथे लेखिकेने एकही मोठा शब्द वापरलेला नाही. एक झाकण उघडले, आत लाकूड आणि धातूचा चुराडा दिसला, झाकण मिटले. सूर मात्र त्या रात्रीही येतातच.

याच कथेत पुढे बर्फ आहे, आणि तो बर्फ पुराव्याचे काम करतो. दाईच्या सांभाळातली लहान मुलगी बर्फात हरवते; ती सापडल्यावर सांगते की एका मुलीने तिला हात धरून डोंगरावर नेले, पण बर्फात पावले उमटलेली असतात ती एकाच मुलीची. नंतर दिवाणखान्याच्या काचेवर ती दुसरी मुलगी हात आपटताना दाईला स्वतःला दिसते, आणि काही वेळाने तिच्या लक्षात येते की त्या निःशब्द थंडीत काचेवरच्या माराचा आवाज अजिबात आला नव्हता. वाजायला हवी ती काच वाजली नाही, उमटायला हवे ते पाऊल उमटले नाही. हे निरीक्षण गुप्तहेराचे आहे, आणि ते एका दाईच्या तोंडी आले आहे.

रहस्यकथा आणि भूतकथा या दोन्ही एकाच घरात वाढल्या, असे मला वाटते ते यामुळेच. कॉनन डॉयलची ‘द स्पेकल्ड बँड’ (१८९२) आठवून पाहा. वाड्याच्या आवारात चित्ता आणि बबून मोकळे फिरतात, भटक्या लोकांचे तळ पडलेले असतात, सावत्र बाप अंगापिंडाने राक्षसासारखा आहे. हा सगळा बडेजाव मला तरी नेहमीच दुय्यम वाटत आला आहे. जीव दडपतो तो शयनगृहाच्या आत. घंटेची दोरी ओढली तरी घंटा वाजत नाही, कारण ती कशालाच जोडलेली नाही. हवेसाठी ठेवलेला झरोका बाहेर उघडत नाही, शेजारच्या खोलीत उघडतो. आणि पलंग जमिनीला खिळवून टाकलेला आहे. तो हलवता येत नाही. पहिल्या दोन गोष्टी विचित्र वाटतात, तिसरी कळली की पाठीच्या कण्यातून शिरशिरी जाते, कारण झोपणाऱ्या माणसाची जागा दुसऱ्या कोणीतरी आधीच कायम करून ठेवली आहे हे तेव्हा लक्षात येते. होम्स या तीन वस्तू एका रेषेत मांडतो आणि खून उलगडतो. भीतीही याच रेषेवरून वाचकापर्यंत पोहोचलेली असते.

आता धुक्याकडे वळतो, कारण त्याला बाजूला सारणे अन्यायाचे होईल. लंडनचे पिवळे धुके ही कविकल्पना नव्हती. लाखो घरांच्या शेकोट्यांतून आणि कारखान्यांतून निघणारा कोळशाचा धूर थेम्सच्या खोऱ्यातल्या दमट हवेत अडकून राही, त्यातले गंधक घशाला झोंबे आणि काजळी कपड्यांवर बसे. डिसेंबरअखेर तिथे चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. त्यात असे धुके उतरले की भर दुपारी दिवे लावावे लागत. चांगल्या लेखकाने या धुक्याला काम दिले. ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये (१८४३) धुके प्रत्येक फटीतून आणि किल्लीच्या छिद्रातून आत ओतत असते, थोड्याच वेळाने मार्लीचे भूत बंद दारातून आत येते. भूत जे करणार आहे ते धुक्याने आधीच करून दाखवलेले असते, त्यामुळे दाराची आणि भिंतीची आपली खात्री हळूच सैल झालेली असते. याच कथेत स्क्रूजच्या घराचा जिना इतका रुंद आहे की शववाहिनी आडवी करून वर नेता येईल असे डिकन्स सांगतो, आणि अंधार इतका आहे की रस्त्यावरचे अर्धा डझन गॅसचे दिवे आणून ठेवले तरी तो प्रवेशमार्ग पुरेसा उजळला नसता. इथेही मोजमाप आहेच. स्क्रूज त्या जिन्यावरून एका मेणबत्तीनिशी चढतो.

याच्या अगदी उलट वाटेने हेन्री जेम्स गेला. ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मध्ये (१८९८) भुताचे पहिले दर्शन जूनच्या लांबलेल्या, स्वच्छ संध्याकाळी घडते, मनोऱ्यावरचा माणूस चौकटीतल्या चित्राइतका स्पष्ट दिसतो, आणि भोवतीच्या पाखरांचा कलकलाट तेवढा थांबतो. दुसऱ्या वेळी कथा सांगणारी शिक्षिका शिवायचे हातमोजे घ्यायला जेवणघरात येते, तर तोच माणूस खिडकीबाहेरून आत बघत असतो. ती धावत बाहेर जाते, तो तिथे नसतो. मग ती नकळत त्याच्याच जागी उभी राहून काचेला तोंड लावते आणि आत बघते. त्याच क्षणी घराची कारभारीण खोलीत येते, खिडकीत तिचा चेहरा बघते आणि पांढरीफटक पडते. दोन बायका, एक खिडकी, आणि बदललेल्या दोन जागा. मला हे दृश्य भुताच्या दर्शनाहून जास्त अस्वस्थ करते, कारण भुताच्या जागी उभा राहिलेला माणूस बघणाऱ्याला भुतासारखाच दिसतो, एवढे त्यात सिद्ध होते, आणि पुढच्या सबंध कथेत कोणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न त्यानंतर मिटत नाही.

ही सारी रचना ऐकण्यासाठीही होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. नाताळ अंकांतल्या कथा शेकोटीभोवती बसून मोठ्याने वाचल्या जात. चेहऱ्यांवर उजेड आणि पाठीशी अंधार अशी ती बैठक असे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातले एम. आर. जेम्स हे विद्वान गृहस्थ नाताळात मित्रांना आपल्या भूतकथा वाचून दाखवत, तेव्हा एक मेणबत्ती तेवढी ठेवून बाकीच्या विझवत. भूतकथेची सुरुवात ओळखीच्या, शांत परिसरात आणि आपापल्या कामात असलेल्या माणसांपासून व्हावी, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यांच्या कथांतली ग्रंथालये, चर्चे आणि समुद्रकाठच्या खाणावळी बघितल्या की तो आग्रह त्यांनी किती निष्ठेने पाळला हे कळते.

राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये वारली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ क्रमशः छापून येऊ लागली. कथेचा काळ मात्र तिच्याच राजवटीतला, १८८९ च्या सुमाराचा आहे. डार्टमूरचे माळरान, माणसाला आणि घोड्याला गिळणारी दलदल, दोन्ही बाजूंनी यू वृक्षांच्या उंच कुंपणात कोंडलेली पायवाट, हे सगळे तिच्यात भरघोस आहे. परंतु तिच्या शेवटाकडे धुके ज्या रीतीने येते त्याला मी तोड मानत नाही. होम्स, वॉटसन आणि पोलीस अधिकारी लेस्ट्रेड दबा धरून बसले आहेत, आणि दलदलीवरून पांढऱ्या धुक्याची भिंत सावकाश त्यांच्याकडे सरकते आहे. होम्स वेळ मोजतो: पाव तासात वाड्याचा वारस सर हेन्री बाहेर आला नाही तर वाट झाकली जाईल, अर्ध्या तासात स्वतःचे हातही दिसणार नाहीत. ते मागे सरतात, पुन्हा मागे सरतात. साऱ्या कादंबरीत पसरलेले वातावरण इथे घड्याळ होऊन चालू लागते, आणि धुक्यातून आधी पावलांचा आवाज येतो.

याच कादंबरीत सुरुवातीला एक वाक्य येते, ज्यावर वाचक सहसा रेंगाळत नाहीत. कॅनडाहून आलेला तरुण सर हेन्री आपल्या वाडवडिलांच्या वाड्याच्या काळोख्या वाटेवरून पहिल्यांदा जातो तेव्हा म्हणतो की सहा महिन्यांच्या आत इथे विजेच्या दिव्यांची रांग लावीन, दारासमोर हजार मेणबत्त्यांच्या ताकदीचा स्वान-एडिसन दिवा लावीन, मग ही जागा ओळखू येणार नाही. ते दिवे कथा संपेपर्यंत लागत नाहीत, आणि ते लागणे शक्यही नव्हते. खुन्याची सारी योजना एका कुत्र्याच्या तोंडाला फासलेल्या फॉस्फरसवर उभी होती, आणि ते फॉस्फरस चमकायला पुरेसा काळोख हवा होता.